पेलेट स्टोव्ह पेटेना? कार्डाला हात लावायच्या आधी हे बघा

पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी, खोली गरम करायची शेगडी) बंद पडला की मालकाचं फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "कार्ड गेलंय", म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. कुणी सांगितलं विचारलं तर कुणीतरी येऊन मागचा पत्रा उघडून बघून गेलेला असतो, आत हिरवं कार्ड दिसलं, म्हणाला हेच असणार, बाकी आहेच काय यात. आणि कार्ड बाहेरच्या देशातनं मागवायचं म्हणल्यावर किंमत ऐकूनच माणूस गार पडतो, मग स्टोव्ह तसाच कोपऱ्यात आणि त्याच्यावर फुलदाणी. माझ्याकडं आलेल्या बऱ्याच स्टोव्हमध्ये कार्ड ठणठणीत होतं, दोष होता ओल, राख, उंदीर नाहीतर घरातली लाइट यांच्यात. म्हणून हे लिहितेय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण. आमचं साताऱ्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, वडिलांनी चालू केलेलं, मी आयटीआय करून त्यातच घुसले. शेतीपंप, मिक्सर, टेबल फॅन, पिठाच्या गिरणीच्या मोटरी हे आमचं रोजचं. पेलेट स्टोव्ह माझ्या गळ्यात पडला तो ताईच्या सासरामुळं. ताई आणि दाजींचा भिलारला होमस्टे आहे (तेच, पुस्तकांचं गाव), तिकडं एका बंगलेवाल्यानं बंगला विकताना त्याचा इटालियन स्टोव्ह दाजींना अगदी स्वस्तात देऊन टाकला. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला दवबिंदू गोठतात ते फोटो दरवर्षी पेपरात येतात, तेव्हा पाहुण्यांना काचेमागं जाळ दिसणारा स्टोव्ह म्हणजे काय विचारू नका. दाजी खूश. पण पहिल्याच दिवाळीत तो चालू केला आणि अख्ख्या घराची लाइट गेली. तिथनं माझा या मशीनशी संबंध. नंतर आजूबाजूच्या बंगल्यातनंही फोन यायला लागले, पसरणी घाट चढायचं आणखी एक कारण झालं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ६ मिलिमीटर जाडीच्या गोळ्या म्हणजे पेलेट. त्या वरच्या हॉपरमध्ये (साठवायच्या डब्यात) भरायच्या, खालनं एक स्क्रू (ऑगर म्हणतात) थोड्या थोड्या करून लोखंडी वाटीत टाकतो, वाटीच्या भोकातनं एक हीटर रॉड त्या पेटवतो, धुराचा पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा पंखा गरम हवा खोलीत सोडतो. घरगुती पेलेट स्टोव्ह १९८० च्या दशकात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफिल्ड नावाच्या विमानाच्या इंजिनिअरनं आणला, त्यामुळं यात हवेचा खेळ इतका का आहे ते कळतं. मुद्दा हा की लाकडाची साधी शेगडी लाइटवर चालत नाही, हा सगळाच लाइटवर चालतो. लाइट गेली की हा नुसता पत्र्याचा डबा.

आता दोष शोधायची खरी किल्ली म्हणजे तो कुठल्या पायरीवर थांबतोय हे बघणं. स्टार्ट दाबलं की पहिल्यांदा धुराचा पंखा फिरतो. मग हीटर रॉड चालू होतो, स्क्रू वाटीत पेलेट टाकतो, काही मिनिटांत धूर, मग जाळ, धुराच्या नळीतला सेन्सर तापला की कार्डाला कळतं पेटलं, मग हीटर बंद, आणि जरा वेळानं खोलीचा पंखा. दहा-पंधरा मिनिटांत धूर पुरेसा तापला नाही तर एरर देऊन तो स्वतःच बंद होतो. मी कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर काढत नाही, खुर्ची घेऊन समोर बसते आणि एक पूर्ण स्टार्ट बघते. लोकांना वाटतं हिला काही येत नाही, नुसती बसलीय. पण पंखाच फिरला नाही का, पंखा फिरून पेलेट पडले नाहीत का, पेलेट पडून पेटले नाहीत का, का पेटून पाच मिनिटांनी विझलं, या चार गोष्टींची कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि ते न बघता मागचा पत्रा उघडणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

हत्यारं फार नाहीत. चांगला मल्टीमीटर, सिरीज बोर्ड (१०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावलेला), झिरोचा बल्ब, आणि मिळाला तर मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासायचा मीटर). निऑनचा टेस्टर खिशात ठेवा पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो अर्धवट लाइटला पण पेटतो. आणि उघडायच्या आधी स्विच नाही, प्लग काढायचा. आपल्याकडं घरातलं वायरिंग बघता स्विच फेजवर आहे का न्यूट्रलवर हे ज्यानं केलं त्यालाच माहीत, काही ठिकाणी त्यालापण नाही.

तर दाजींच्या घरची लाइट का गेली. मेन लाइनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडं गळला की लाइट तोडणारा स्विच) होती, ती पडत होती. प्लग लावल्या लावल्या पडत नव्हती हे महत्त्वाचं, स्टार्ट दाबून हीटर चालू व्हायच्या वेळेलाच पडत होती. हीटर रॉडच्या आत तार असते आणि तार अन् बाहेरची लोखंडी नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली असते. ही पावडर हवेतली ओल पिते. आता विचार करा, महाबळेश्वर पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जून ते सप्टेंबर घरातले कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, आणि स्टोव्ह मार्चपासून बंद. रॉड सगळा पावसाळा ओल पीत बसतो. पहिल्यांदा करंट दिला की त्यातला थोडा पावडरमधनं बॉडीला आणि अर्थला पळतो, आरसीसीबी बिचारी आपलं काम करते आणि पडते.

गंमत म्हणजे साध्या मल्टीमीटरनं हा दोष बऱ्याचदा दिसतच नाही. मीटरच्या आत छोटा सेल, त्याच्या दोन-चार व्होल्टला ओली पावडर मेगाओहम दाखवते. ५०० व्होल्टचा मेगर लावला की खरं रूप बाहेर येतं. हिशोब सोपा आहे, २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर गळायला साधारण साडेसात हजार ओहम लागतात, आणि आरसीसीबी त्याच्या अर्ध्या गळतीपासूनच पडू शकते. मेगर नसेल तर प्लग काढून रॉडच्या दोन्ही वायरी (एक नाही, दोन्ही) कार्डापासून सोडवा, टोकांना टेप मारा आणि स्टार्ट करा. हीटरची वेळ निघून गेली तरी लाइट टिकली तर चोर सापडला. पेटणार अर्थातच नाही, लगेच बंद करायचं आणि वाटीत पडलेले पेलेट काढून टाकायचे.

उपाय काय, तर नवीन रॉड घ्यायच्या आधी जुना वाळवा. आमच्या दुकानात वार्निश केलेल्या मोटरी भाजायचा ओव्हन आहे, त्यात ११० डिग्रीला मी तो रॉड काही तास ठेवला, बाबा म्हणाले काय भाजतेयस, म्हणलं दाजींचं कणीस. बाहेर काढून मेगर लावला, मस्त. तोच रॉड अजून चालू आहे. पण वाळवूनही रीडिंग वर येत नसेल किंवा रॉडला चीर असेल तर तो टाकूनच द्यायचा, तिथं चिकटपणा करायचा नाही. आणि ज्या वायरमननं तुम्हाला सांगितलं की आरसीसीबी काढून साधी एमसीबी (जिला गळती कळतच नाही) टाकू, त्याला पुन्हा घरात घेऊ नका.

रॉडचा ओहम पण माहीत असलेला बरा. ३०० वॉटचा रॉड २३० व्होल्टला म्हणजे साधारण १७६ ओहम, २५० वॉटचा असेल तर २११-१२. गार असताना किंचित कमी दाखवेल, चालतं. ओपन दाखवला तर तार तुटली, रॉड बाद. पण रॉड बरोबर, वायरी बरोबर, आरसीसीबीपण पडत नाही, तरी संध्याकाळी पेटत नाही आणि रात्री अकरानंतर मात्र पटकन पेटतो, असा एक किस्सा पाचगणीच्या बाजूला झाला. मालकाला वाटत होतं काही बाहेरचं आहे की काय. व्होल्टेज मोजलं, संध्याकाळी १८० च्या आसपास. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं बदलते, १८० ला ३०० वॉटचा रॉड जेमतेम १८४ वॉटचा उरतो, तेवढ्यात पेलेट नुसता धुमसतो, कार्ड वाट बघून एरर देतं. स्टेबिलायझर लावला, बाहेरचं वगैरे सगळं पळून गेलं.

अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण हा विषय डोंगरावर कुणी मनावर घेत नाही. तिकडं सगळा जांभा. टेबललँड बघितलंय ना, तोच दगड. या खडकात सळई ठोकून अर्थ चांगला मिळणं अवघड असतं आणि उन्हाळ्यात तो अजून कोरडा पडतो. बऱ्याच बंगल्यात तीन पिनचा सॉकेट आहे पण तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नाही, किंवा वायर आहे पण ती जाऊन कुठं संपते देव जाणे. याचं लक्षण म्हणजे स्टोव्हच्या बॉडीला उघडा हात लावला की बारीक झिणझिण्या. कार्डावर लाइन फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडनं अर्थला जोडलेले असतात, अर्थच नसेल तर बॉडी मधल्या मध्ये साधारण ११५ व्होल्टला लटकते. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात, पण त्याच दिवशी रॉड बॉडीला टेकला तर मग झिणझिण्या नाहीत, शॉक. स्टोव्ह दुरुस्त करायच्या आधी अर्थ दुरुस्त करा, मीठ-कोळशाचा नीट खोल खड्डा करा, त्यात पाणी घालायची पाइप ठेवा, आणि अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे महाभाग असतात, ते करू नका. न्यूट्रल कुठं तुटला तर अख्खी बॉडी लाइव्ह होते.

आता दुसरी मोठी तक्रार. पंखा फिरतो पण पेलेट पडत नाहीत. इथं लोक सरळ स्क्रूच्या मोटरवर येतात आणि माझ्याकडं मोटर घेऊन येतात, भरून द्या म्हणून. मोटर सिरीज बोर्डवर लावली की गप फिरते. मग?

मग हे की त्या मोटरला लाइट पोचायच्या आधी वाटेत पहारेकरी आहेत. बहुतेक स्टोव्हमध्ये मोटरच्या लाइनमध्ये सिरीजला एक थर्मोस्टॅट असतो, हॉपरजवळ लावलेला, आणि एक प्रेशर स्विच. काही मॉडेलमध्ये हॉपरच्या झाकणाला किंवा दारालापण मायक्रोस्विच असतो. यातला एक जरी उघडा राहिला तरी स्क्रू थांबतो. थर्मोस्टॅट बऱ्याच मॉडेलमध्ये ८५ डिग्रीच्या आसपास पडतो आणि आपोआप परत येत नाही, मागच्या बाजूला काळं छोटं टोपण असतं ते काढून आतली बारकी पिन टक् आवाज येईपर्यंत दाबायची. स्टोव्ह पूर्ण गार झाल्याशिवाय ती बसत नाही. पण नुसती दाबून निघून यायचं नाही, तो पडलाच का? जास्त करून खोलीचा पंखा अडलेला किंवा जाळीला धूळ, किंवा मागं भिंतीला चिकटवून ठेवलेला स्टोव्ह.

प्रेशर स्विचवर जरा जास्त बोलते कारण इथंच सगळ्यात घातक प्रकार होतात. धुराचा पंखा फिरला की धुराच्या वाटेत थोडी पोकळी तयार होते, एक सिलिकॉनची बारकी नळी ती पोकळी या स्विचपर्यंत नेते, पडदा ओढला जातो आणि कॉन्टॅक्ट जुळतो. म्हणजे धूर नीट बाहेर जातोय याची खात्री झाल्यावरच जळण पुढं जातं. तपासायचं कसं, प्लग काढा, स्विचच्या दोन्ही वायरी काढा, मीटर कंटिन्युइटीला लावा, नळी स्टोव्हकडच्या टोकाला सोडवून तोंडानं अगदी हळू ओढा. टक् होऊन मीटर वाजला की स्विच चांगला. फुंकायचं नाही हां, आणि जोरात तर ओढायचंच नाही, आतला पडदा नाजूक असतो. तोंडानं ओढल्यावर जुळतो पण पंख्यावर जुळत नाही असं असेल तर तो दोष वायरिंगचा नाहीच. नळीच्या टोकाला राख बसलीय, धुराच्या पाइपात राख साठलीय, दाराचा दोरीचा गॅस्केट सपाट झालाय, पंखा हळू फिरतोय, नाहीतर पावसाळ्यात पाइपात कुणीतरी घरटं केलंय. हे शेवटचं मी बघितलंय.

एका ठिकाणी स्विचच्या दोन वायरी पिळून एकत्र बांधून टाकलेल्या होत्या. स्टोव्ह मस्त चालत होता. मालक म्हणाले बघा ना मॅडम, आधीच्या माणसानं फुकटात केलं, फक्त रात्री डोकं दुखतं जरा. मला घामच फुटला. गॅस गीझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, तोच कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, आणि इथं तो झोपायच्या खोलीत. वायरी सोडवल्या तर अर्थातच स्टोव्ह बंद पडला, मग पाइप उतरवून झाडला, राखेची पाटी भरली, नंतर सगळं स्विचसकट नीट चालू. दाजींनापण एकदा वाटलं होतं तसं, "डायरेक्ट करून टाक की, पाहुणे आलेत". म्हणलं दाजी, पाहुणे परत जायला पाहिजेत की नको? तेव्हापासून त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून लावलाय, ज्यांच्याकडं स्टोव्ह आहे त्यांनी तो घ्याच, आणि खोलीत ताजी हवा यायला वाट ठेवा.

सगळे पहारेकरी जुळलेत आणि तरी स्क्रू फिरत नाही, तर मोटरच्या टोकावर व्होल्टेज बघायचं. इथं अजून एक फसवणूक आहे. स्क्रूची मोटर सलग चालत नाही, एक-दोन सेकंद चालू आणि काही सेकंद बंद अशी झटक्यानं चालते, आणि तिला चालू-बंद करायला कार्डावर ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. ट्रायक बंद असतानापण त्याच्या बाजूच्या कपॅसिटरमधनं बारीक करंट झिरपतो, मोटर सोडवून डिजिटल मीटर लावला तर तो आरामात शंभर-दीडशे व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो लाइट येतेय, मोटर गेली. मीटरच्या जोडीला फिलामेंटचा झिरोचा बल्ब लावा. बल्ब झटक्यानं पेटत-विझत असेल तर लाइट खरी आहे, मोटर किंवा स्क्रू बघा. पेटतच नसेल तर मीटरवरचं व्होल्टेज भुताटकी. एलईडीचा झिरो बल्ब नको, तो त्या झिरपण्यावरपण मिणमिणतो.

लाइट येते, मोटर गूं करते, पण फिरत नाही म्हणजे स्क्रू अडकलाय. पेलेट ओल धरतात, फुगतात आणि त्यांचा भुसा होतो, पावसाळाभर हॉपरमध्ये राहिले तर स्क्रूच्या नळीत त्याचं अक्षरशः सिमेंट होतं. मोटर काढून स्क्रू हातानं उलटा फिरवा, खरवडून काढा. पाणी घालू नका कृपा करून. एवढा वेळ अडकून मोटर तापली असेल तर वाइंडिंग जळालेलं असू शकतं, वास घ्या, जळक्या वार्निशचा वास लपत नाही. या बारक्या मोटरी भरता येतात का? येतात, आम्ही भरल्यात, पण खरं सांगायचं तर वेळ इतका जातो की गिअरसकट नवीन मिळत असेल तर तीच घ्या. धुराचा पंखा मात्र जास्त करून जळलेला नसतो, त्याचं बुश किंवा बेअरिंग राखेनं आणि उष्णतेनं कोरडं पडलेलं असतं, हातानं फिरवून सोडलं की तो लगेच थांबतो. बेअरिंग बदला, पात्यांवरची राख काढा, पाती वाकवू नका. पंख्याला फेऱ्या मोजणारा सेन्सर असेल तर त्याची बारीक तीन वायरींची केबल तपासा. पंखा जोरात फिरतोय आणि कार्ड म्हणतंय पंखा बंद आहे, तर ती केबल सैल आहे नाहीतर उंदरानं कुरतडलीय.

धुरातला सेन्सर म्हणजे थर्मोकपल, तापला की अगदी बारीक व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी. के टाइप असेल तर दर डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १०० डिग्रीच्या फरकाला जेमतेम चार मिलिव्होल्ट. एवढ्या बारक्या सिग्नलला एक गंजलेला स्क्रूपण पुरतो. पेटतंय झकास पण दहा मिनिटांनी "पेटलं नाही" म्हणून बंद होतंय, तर आधी सेन्सर बाहेर काढून काजळी पुसा आणि टर्मिनल घासा. अजून एक छान युक्ती, कार्डावर सेन्सरच्या दोन्ही टर्मिनलला वायरच्या तुकड्यानं शॉर्ट करा, डिस्प्लेवर साधारण खोलीचं तापमान दिसलं तर कार्ड नीट वाचतंय आणि सेन्सर बदलायचा. आणि जाळ वाढतोय तसं डिस्प्लेवरचं तापमान कमी होतंय असं दिसलं तर हसायचं आणि प्लस-मायनस उलटं करायचं.

आता कार्ड. सगळ्यात आधी काचेचा फ्यूज. आतली काच काळी किंवा चंदेरी झालीय म्हणजे कुठंतरी जोरदार शॉर्ट आहे, नवीन फ्यूज टाकला तरी तो पण उडणार. त्या जागी जाड तार घालणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. सिरीज बोर्डवर लावून एकेक लोड सोडवत जा, जो सोडवल्यावर बल्ब मंद होतो तो दोषी. पण हीटर रॉड आधीच सोडवून ठेवा, नाहीतर चांगला रॉडसुद्धा बल्ब जोरात पेटवतो आणि तुम्ही शॉर्ट शोधत बसता. फ्यूजशेजारी निळी नाहीतर पिवळी चकती काळी पडून फुटलेली दिसली तर ती व्हॅरिस्टर, व्होल्टेज वाढल्यावर स्वतः मरून कार्ड वाचवते, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते, त्याच नंबरची बसवा. पंखा बंद केला तरी फिरतच राहतो तर ट्रायक शॉर्ट. रिलेच्या पायांना भिंगातनं बघा, सोल्डरभोवती गोल चीर असेल तर पुन्हा सोल्डर करा. आणि पाल. कार्ड उबदार असतं, पाल जाऊन बसते, दोन टर्मिनलवर एकदम पाय पडले की पाल आणि कार्ड दोघंही जातात. राख आणि ओल एकत्र आली की ती थरासारखी बसून करंट वाहू देते, कार्ड मरत नाही पण वेड्यासारखं वागतं, बटण न दाबता चालू होतं वगैरे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुऊन पूर्ण वाळू द्या. थिनर-पेट्रोल अजिबात नको. एवढं सगळं करून मग म्हणा कार्ड गेलं, मी ऐकेन.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर पंखे घुमतात, तापतात आणि ट्रायकवालं कार्ड गोंधळतं, स्पीड खाली-वर होतो. प्युअर साइन वेव्हचाच पाहिजे. चालू स्टोव्हला लोड फार नाही, स्टार्टच्या वेळेला हीटरसकट तीन-चारशे वॉट धरा. पण बॅकअप हवाच, कारण लाइट गेली की धुराचा पंखा थांबतो, वाटीतले पेलेट मात्र धुमसत राहतात आणि धूर खोलीत येतो. कुणी अमेरिकेतनं ११५-१२० व्होल्टचा स्टोव्ह आणला असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ नाही बदलणार. तिकडं ६०, आपल्याकडं ५०, म्हणजे पंखे आणि स्क्रू साधारण एक षष्ठांश हळू आणि मोटरी जास्त गरम. आणू नका एवढंच म्हणते.

आणि पेलेट. आपल्या सातारा-सांगलीकडं उसाचा पट्टा, बॉयलरसाठी बगॅसचे (उसाच्या चिपाडांचे), भुईमुगाच्या टरफलांचे पेलेट सहज आणि स्वस्त मिळतात, ते बघून घरच्या स्टोव्हमध्ये घालायचा मोह सगळ्यांना होतो. ते जाड असतात आणि राख फार करतात. युरोपातलं एनप्लस ए१ ग्रेड घेतलं तर राख जास्तीत जास्त ०.७ टक्के आणि ओल १० टक्क्यांपर्यंत. बगॅसवाल्यानं वाटीत राखेचा खडा धरतो, रॉडसमोरचं भोक बुजतं, रॉड लाल होऊन पण आग लागत नाही आणि मग मला फोन येतो की मॅडम इलेक्ट्रिकल फॉल्ट आहे. वाटी रोज गार झाल्यावर रिकामी करून भोकं मोकळी करा. एकदा पेटायचं फेल झालं तर वाटीत साठलेल्या पेलेटसकट पुन्हा स्टार्ट मारू नका, आधी वाटी रिकामी करा, नाहीतर सगळं एकदम भडकतं आणि काच फुटायची पाळी येते. ते काढलेले अर्धवट गरम पेलेट हॉपरमध्ये परत टाकणारा पण एक भेटला होता, जाऊ दे.

मे संपत आला की एवढं करून ठेवा: हॉपर रिकामा करून व्हॅक्यूमनं साफ, स्क्रूतले पेलेट चालवून संपवायचे, प्लग काढून ठेवायचा, बाहेरच्या पाइपाला टोपी किंवा जाळी, कार्डाच्या खणात सिलिका जेलच्या पुड्या, आणि रॉड काढता येत असेल तर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात. दिवाळीत मेगर मारून परत बसवा. पाइपाची टोपी काढायला विसरू नका. ज्यांना मेगर नाही त्यांनी रॉड साताऱ्यात घेऊन या, ओव्हनमध्ये मोटरीच्या शेजारी जागा असते.